फायरप्लेसला कॉम्प्युटरचे पंखे लावताय? आधी सीएफएम आणि प्रेशरचा घोळ मिटवा

अमेरिकेत थंडी पडली की ओळखीत कुणाच्या तरी गॅस फायरप्लेसचा ब्लोअर, म्हणजे गरम हवा खोलीत ढकलणारा पंखा, घरघरतो नाहीतर बंदच पडतो, नव्याची किंमत बघून डोळे पांढरे होतात आणि मग माळ्यावरच्या जुन्या पीसीतले १२० मिलिमीटरचे पंखे आठवतात. कल्पना वाईट नाहीये. पण हिशोब दरवेळी तोच, की पंख्यावर ७० सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) लिहिलंय, दोन लावले की १४०, ओरिजनल पण साधारण तेवढाच, झालं काम! नाही होत हो.

पीसीचा पंखा सगळ्यांना माहितीये, १२ व्होल्ट डीसी, पाती फिरतात, हवा सरळ आरपार जाते. फायरप्लेसमधला ब्लोअर म्हणजे पिंजऱ्यासारखं लांबट चाक, १२० व्होल्ट एसीवर चालणारं. व्होल्टेजचा फरक किरकोळ आहे, १२ व्होल्टचा एक अ‍ॅडॉप्टर घेतला की मिटला. फक्त तो भिंतीवरच्या जुन्या स्पीडच्या नॉबमागे जोडू नका, तो नॉब एसी मोटरसाठी असतो.

खरी गोची सीएफएमच्या आकड्यात आहे. तो आकडा पंख्यापुढे काहीच अडथळा नसताना मोजलेला असतो. त्याच्याच शेजारी बारीक अक्षरात स्टॅटिक प्रेशर, म्हणजे अडथळ्याविरुद्ध हवा ढकलायचा जोर असतो, साध्या केस फॅनचं (पीसीच्या डब्यातल्या पंख्याचं) १ ते ३ मिलिमीटर पाणी वगैरे (हे प्रेशर पाण्याच्या उंचीत मोजतात), आणि ते मोजतात हवा अजिबात वाहत नसताना. म्हणजे हे दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत, एक वाढला की दुसरा पडतो. फायरप्लेसमध्ये हवा खालच्या जाळीतून आत जाते, फायरबॉक्सच्या, म्हणजे आग जळते त्या पेटीच्या, मागून अरुंद फटीतून वर चढते, वळते आणि वरच्या जाळीतून खोलीत येते. एवढ्या वळणांत केस फॅन दमतो, पात्यांवरची हवा सुटते, आवाज वाढतो आणि थोडी हवा कडेनं उलटी परत येते, तुम्हाला वाटतं पंखा जोरात चालतोय. विदर्भातल्या लोखंडी कूलरला साधा एक्झॉस्ट फॅन पुरतो कारण तीन बाजूंना वाळ्याच्या ऐसपैस ताट्या असतात, तोच पंखा लांब डक्टवर लावा मग बघा.

आणि दोन पंखे शेजारी शेजारी लावले तर प्रेशर वाढत नाही, मोकळ्या हवेतला प्रवाह तेवढा वाढतो. प्रेशर हवं तर एकामागे एक लावावे लागतात, तेही अगदी दुप्पट होत नाही. त्यापेक्षा माझं स्पष्ट मत, पीसीचंच सामान वापरायचं तर ग्राफिक्स कार्डात असतो तसा गोगलगाईच्या आकाराचा १२ व्होल्टचा ब्लोअर घ्या. केस फॅनच लावायचे असतील तर पत्र्याची चौकट करून कडेच्या सगळ्या फटी बंद करा, नुसते झिप टायनी लटकवलेले पंखे बघितले की माझं डोकं फिरतं.

जागा मात्र खालचीच, खोलीतली गार हवा जिथून आत जाते तिथं. बरेचसे केस फॅन ६०-७० डिग्री सेल्सियसपर्यंतच चालतात, वरच्या गरम तोंडाशी प्लास्टिकचं काय होईल ते सांगायला नको. बॉल बेअरिंगचे बघून घ्या, स्लीव्ह बेअरिंगवाल्यांचं तेल उष्णतेनं लवकर सुकतं. खाली गॅसचा व्हॉल्व्ह पण असतो, त्याच्या आसपास लोंबती वायर चालणार नाही. आणि ही हवा आगीला लागत नाही बरं का, ती फायरबॉक्सच्या बाहेरून फिरते, तेव्हा "आग भडकेल का" हा प्रश्न सोडा.

पण माळ्यावरून पीसीचे पंखे काढायच्या आधी ब्रेकर बंद करून जुन्या ब्लोअरच्या चाकातला केसांचा आणि धुळीचा थर साफ करा आणि फायरबॉक्सच्या तळाला चिकटवलेला, तळ तापला की ब्लोअर सुरू करणारा टेंपरेचर स्विच निसटलाय का बघा. तो साधारण ११०-१२० फॅरनहाइटला लागतो, म्हणून आग पेटवल्यावर ब्लोअर बऱ्याच वेळानं सुरू होणं नॉर्मल आहे, पाच मिनिटं वाट बघून "मेला वाटतं" म्हणत स्क्रू काढायला बसू नका.