आहारातील पोषकद्रव्ये आणि प्रोस्टेट कर्करोग

पुरुषांच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाच्या सुरुवातीच्या भागाला वेढून असलेल्या साधारण अक्रोडाएवढ्या ग्रंथीला प्रोस्टेट म्हणतात. मराठी शास्त्रीय लेखनात तिला अष्ठीला किंवा पुरःस्थ ग्रंथी अशी नावे आहेत. या ग्रंथीच्या कर्करोगाची शक्यता अन्नातील विशिष्ट घटकांमुळे कमी किंवा अधिक होते का, हा गेल्या अर्धशतकातील पोषणशास्त्राचा सर्वाधिक तपासला गेलेला आणि सर्वाधिक निराशा पदरी टाकणारा प्रश्न आहे. लायकोपीन, सेलेनियम हे खनिज, जीवनसत्त्व ई, कॅल्शियम, सोयाबीनमधील आयसोफ्लेवोन, मेदाम्ले अशा अनेक घटकांची नावे या संदर्भात घेतली जातात, परंतु त्यांच्यामागचा पुरावा सारख्या तोलाचा नाही.

अन्नावर संशय येण्याचे मूळ कारण भूगोल हे होय. हा रोग उत्तर अमेरिका, पश्चिम व उत्तर युरोप आणि ऑस्ट्रेलियात विपुल, तर आशियात पुष्कळच विरळ आढळतो. जपानमधून अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या पुरुषांमध्ये मात्र त्याचे प्रमाण मायदेशातील पुरुषांपेक्षा वाढलेले दिसले. रक्त तेच, मुलूख बदलला. तेव्हा बदललेल्या ताटाकडे बोट दाखवले जाणे स्वाभाविक होते. या युक्तिवादात एक खोट आहे. पीएसए या प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण मोजणारी चाचणी जेथे सर्रास केली जाते तेथे हळू वाढणारे, एरवी आयुष्यभर लक्षातही न आलेले कर्करोग नोंदीत येतात. त्यामुळे देशादेशांतील तफावतीचा काही वाटा अन्नाचा नसून तपासणीचा असतो. वय, घराण्यातील इतिहास आणि वंश हे या रोगाचे प्रस्थापित धोकाघटक आहेत, आणि त्यांपैकी एकही आहाराने बदलत नाही.

नाशिक जिल्हा या विषयाच्या दृष्टीने योगायोगाने सोयीचा आहे. संशोधकांनी ज्या भाज्या आणि फळे अभ्यासासाठी निवडली, त्यांपैकी बरीचशी येथे बाजारात मांडलेली दिसतात: पिंपळगाव बसवंत आणि गिरणारे येथील टोमॅटो, लासलगावचा कांदा, दिंडोरी-निफाडची द्राक्षे, सटाणा-मालेगाव पट्ट्यातील डाळिंबे. त्यामुळे ‘आपल्याकडचे हे फळ खाल्ले की तो कर्करोग होत नाही’ अशी समजूत येथे सहज रुजू शकते. ती कितपत खरी, हे एकेका घटकाने पाहावे लागते.

टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध द्रव्य. ते कॅरोटिनॉइड या वनस्पतींतील रंगद्रव्यांच्या वर्गातील असून प्रयोगशाळेत ऑक्सिडीकरणरोधक म्हणून प्रभावी ठरते आणि मानवी प्रोस्टेटच्या ऊतींत साठलेले आढळते. १९९५ मध्ये हार्वर्डचे एडवर्ड जिओव्हानुची व त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोग्यव्यवसायातील सुमारे ४८,००० अमेरिकी पुरुषांच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला टोमॅटोचे पदार्थ दहापेक्षा अधिक वेळा खाणाऱ्यांमध्ये या कर्करोगाचा धोका, ते क्वचित खाणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळला. लक्षवेधी गोष्ट अशी की हा संबंध शिजवलेल्या टोमॅटोच्या सॉसशी सर्वांत ठळक होता. त्याचे स्पष्टीकरण स्वयंपाकघरातच सापडते. कच्च्या टोमॅटोत लायकोपीन पेशींच्या आत स्फटिकरूपाने बंदिस्त असते; उष्णतेने पेशीभित्तिका फुटतात, रेणूची घडण काही प्रमाणात बदलून तो शोषणास सुलभ होतो, आणि ते मेदात विरघळणारे असल्याने तेलाची जोड मिळाली की आतड्यातून रक्तात अधिक जाते. या हिशेबाने फोडणी दिलेले टोमॅटोचे सार किंवा कांदा-टोमॅटो परतून केलेला रस्सा कच्च्या कोशिंबिरीपेक्षा सरस ठरतो. (नाशिकच्या मिसळीवरील तर्रीची लाली मात्र मुख्यतः मिरचीची असते. तो रंग वेगळ्या कॅरोटिनॉइडांचा आहे, तेव्हा तर्रीच्या बाजूने हा युक्तिवाद वापरता येणार नाही.)

पुढे हा पुरावा पातळ होत गेला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये टोमॅटो आणि प्रोस्टेट कर्करोग यांच्यातील संबंधाला अत्यंत मर्यादित आधार असल्याचे म्हटले, आणि लायकोपीनच्या गोळ्यांविषयीचा दावा विश्वासार्ह पुराव्याअभावी फेटाळला. जागतिक कर्करोग संशोधन निधीने २००७ च्या अहवालात लायकोपीनयुक्त अन्नाचा संरक्षक परिणाम ‘संभाव्य’ मानला होता. २०१४ च्या पुनरावलोकनात तेच मत मागे घेऊन निष्कर्ष काढता येत नाही असे नमूद केले. भरपूर भाज्या खाणारा पुरुष बहुधा व्यायामही करतो, तंबाखूपासून दूर राहतो आणि तपासणीलाही जातो. त्यामुळे निरीक्षणात्मक अभ्यासातून टोमॅटोचा गुण कोणता आणि खाणाऱ्याच्या एकूण राहणीचा कोणता, हे वेगळे काढणे कठीण होते.

हा गुंता सोडवण्याचा मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून एकाला पोषकद्रव्य आणि दुसऱ्याला दिसायला तशीच, पण निष्क्रिय गोळी देणे. सेलेनियम आणि जीवनसत्त्व ई यांच्या बाबतीत असे प्रयोग झाले, आणि त्यांची कथा या साऱ्या विषयात सर्वाधिक बोलकी आहे. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीत रोज ५० मिलिग्रॅम जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कर्करोग सुमारे ३२ टक्क्यांनी कमी आढळला. हा प्रयोग मुळात फुप्फुसाच्या कर्करोगासाठी होता, आणि त्यातच बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग वाढला होता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. १९९६ मध्ये लॅरी क्लार्क यांच्या गटाने त्वचेचा कर्करोग होऊन गेलेल्या १,३१२ रुग्णांवरील चाचणीचे निकाल दिले. तेथे रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम घेणाऱ्यांमध्ये त्वचेच्या कर्करोगावर परिणाम झाला नाही, परंतु प्रोस्टेट कर्करोग जवळजवळ दोन-तृतीयांशाने घटलेला दिसला. दोन्ही निष्कर्ष मूळ उद्देशाबाहेरचे, म्हणजे आनुषंगिक होते.

त्यांच्या बळावर २००१ मध्ये ‘सिलेक्ट’ ही भव्य चाचणी अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको येथे सुरू झाली. तीत ३५,५३३ पुरुष सहभागी होते. २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम, ४०० आंतरराष्ट्रीय एकक जीवनसत्त्व ई, दोन्ही, किंवा निष्क्रिय गोळी असे चार गट होते. लाभाची चिन्हे दिसेनात म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवण्यात आल्या. सहभागी पुरुषांवर पुढेही लक्ष ठेवले गेले, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार केवळ जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कर्करोग १७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. हजार पुरुषांमागे सात वर्षांत निष्क्रिय गोळीच्या गटात सुमारे ६५ रुग्ण निघाले, तर जीवनसत्त्व ईच्या गटात ७६. ज्यांच्या शरीरात सेलेनियम आधीच पुरेसे होते, त्यांना ते आणखी दिल्यावर तीव्र स्वरूपाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचेही नंतरच्या विश्लेषणातून दिसले. कमतरता असलेल्याला जे उपकारक, ते पुरेसे मिळत असलेल्याला अपायकारक ठरू शकते. फिनलंडची कमी मात्रा आणि तेथील धूम्रपान करणारे पुरुष यांवरून अधिक मात्रेचा आणि निराळ्या लोकसमूहाचा निष्कर्ष काढणे चुकीचे होते.

जस्ताचे उदाहरणही असेच आहे. प्रोस्टेटमध्ये जस्ताचे प्रमाण शरीरातील बहुतेक मऊ ऊतींपेक्षा फार जास्त असते, म्हणून ते ‘प्रोस्टेटचे खनिज’ म्हणून विकले जाते. प्रत्यक्षात २००३ मधील एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात रोज १०० मिलिग्रॅमहून अधिक जस्त गोळ्यांतून घेणाऱ्यांमध्ये प्रगत प्रोस्टेट कर्करोगाचा धोका दुपटीहून जास्त आढळला. फॉलिक आम्लाच्या एका चाचणीतही, पुरुषांची संख्या लहान असली तरी, गोळी घेणाऱ्यांत हा कर्करोग अधिक दिसला. जीवनसत्त्व डीच्या २५,८७१ स्त्री-पुरुषांवरील चाचणीत कर्करोगाच्या एकूण प्रमाणात फरक पडला नाही.

दूध आणि कॅल्शियम यांच्याविषयीचा पुरावा उलट दिशेचा, म्हणजे धोका किंचित वाढवणारा, परंतु मर्यादित आहे. कॅल्शियम फार झाल्यास पेशींच्या वाढीला आळा घालणारे मानले जाणारे जीवनसत्त्व डीचे सक्रिय रूप कमी तयार होते, आणि पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या इन्सुलिनसदृश वाढघटकाची रक्तातील पातळी दुधाने वाढते, अशी दोन कारणे सुचवली जातात. हे अभ्यास बहुतांशी दूध, चीज आणि गोळ्या मिळून रोज दीड-दोन ग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या पाश्चात्त्य पुरुषांचे आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रौढांसाठीची शिफारस रोज १,००० मिलिग्रॅमची आहे, आणि दोन कप चहातील दूध व जेवणानंतरचे ताक एवढ्यावर भागवणारा माणूस त्या मर्यादेच्याही बराच खाली असतो. त्याने या कारणासाठी दूध सोडणे अनाठायी होय.

कांदा-लसूण वर्गाच्या भाज्यांबाबत शांघायमधील २००२ च्या अभ्यासात अनुकूल संबंध आढळला, पण तो रुग्णांना पूर्वीचा आहार आठवायला लावून केलेला असल्याने त्यावर फार भार टाकता येत नाही. डाळिंबाच्या रसाने उपचारानंतरच्या रुग्णांत पीएसए वाढण्याची गती मंदावल्याचे एका लहान अभ्यासात दिसले. तुलनेचा गट ठेवल्यावर तो परिणाम टिकला नाही. द्राक्षाच्या सालीतील रेझव्हेराट्रोल माणसांत अद्याप प्रभावी ठरलेले नाही. लाल मांसाचा काही अभ्यासांत संबंध आढळतो. निखाऱ्यावर करपवताना विषमचक्रीय अमाइने ही कर्करोगकारक असल्याचा संशय असलेली रसायने तयार होतात हे त्याचे एक संभाव्य कारण असून, रश्श्यात उकळून शिजवलेल्या मटणात ती पुष्कळच कमी असतात.

एकेका पोषकद्रव्यापेक्षा एकूण उष्मांक अधिक महत्त्वाचे ठरतात. शरीरातील अतिरिक्त मेद आणि प्रगत अवस्थेतील प्रोस्टेट कर्करोग यांचा संबंध हा जागतिक कर्करोग संशोधन निधीच्या २०१४ च्या त्याच पुनरावलोकनात ‘संभाव्य’ म्हणून ग्राह्य धरलेला आहाराशी निगडित दुवा आहे. स्थूल पुरुषात रक्ताचे एकूण आकारमान जास्त असल्याने पीएसए विरळ होऊन आकडा फसवा दिसू शकतो, आणि निदान लांबते, ही त्यातील आणखी एक गुंतागुंत.

रोग झाल्यानंतर आहार बदलून काय साधते, याचीही परीक्षा झाली आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या आठवड्यांत रोज ३० ग्रॅम जवस दिलेल्या पुरुषांत अर्बुदातील (कर्करोगाच्या गाठीतील) पेशींच्या वाढीचा वेग कमी आढळला. ताटाच्या कडेला घेतल्या जाणाऱ्या जवसाच्या चटणीपेक्षा ही मात्रा बरीच मोठी आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत मात्र, लगेच उपचार न करता केवळ देखरेखीखाली ठेवलेल्या ४७८ रुग्णांपैकी निम्म्यांना दोन वर्षे दूरध्वनीवरून मार्गदर्शन करून भाज्या वाढवण्यास सांगितले गेले. त्यांनी त्या खरोखरच वाढवल्या, त्यांच्या रक्तातील कॅरोटिनॉइडही वाढले, परंतु रोग पुढे सरकण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहिले.