विषाणुवाहक कोविड लस

विषाणुवाहक लस : एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूत दुसऱ्या विषाणूचे एक जनुक बसवून तयार केलेली लस. पहिला विषाणू वाहक. जनुक पेशीपर्यंत पोचवायचे आणि तिथेच संपायचे, एवढेच त्याचे काम. गोव्यात 2021 मध्ये बहुतेकांच्या दंडात गेलेली कोविशील्ड याच जातीची. ती ऑक्सफर्ड विद्यापीठात घडली, ॲस्ट्राझेनेका कंपनीने ती जगभर नेली आणि आपल्याकडची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली. रशियाची स्पुटनिक व्ही आणि जॉन्सन अँड जॉन्सनची एका डोसची लसही याच गटात येतात. कोवॅक्सिन मात्र या गटातली नाही, ती मारलेल्या विषाणूची. सत्तरी तालुक्यात माकडतापावर दिली गेलेली लसही मारलेल्या विषाणूचीच होती. त्यामुळे गोव्याच्या त्या भागात लस म्हणजे मारलेला रोगजंतू ही समजूत पक्की आहे. कोविशील्डला ती लागू पडत नाही.

कोविशील्डचा वाहक म्हणजे चिंपांझींमध्ये आढळणारा ॲडिनोव्हायरस. माणसांतले ॲडिनोव्हायरस सर्दी-पडसे देतात. आपल्यापैकी अनेकांना ते होऊन गेलेले असते, म्हणून त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात आधीच तयार असतात. अशा ओळखीच्या विषाणूला वाहक केले तर शरीर त्याला वाटेतच अडवील. चिंपांझींचा विषाणू माणसाच्या शरीराला अनोळखी, म्हणून तो निवडला गेला. हीच अडचण दुसऱ्या डोसलाही येऊ शकते, कारण पहिल्या डोसानंतर शरीर वाहकालाही ओळखू लागते. रशियाने त्यावर दोन डोसांसाठी माणसांतले दोन वेगळे ॲडिनोव्हायरस वाहक म्हणून वापरण्याचा तोडगा काढला.

ॲडिनोव्हायरसला पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढायला ई-1 नावाचा जनुकांचा भाग लागतो. लशीच्या वाहकातून तो कापून टाकलेला असतो. कारखान्यात ज्या पेशींमध्ये हा वाहक वाढवतात त्या पेशी ई-1 चे काम आपल्याकडून पुरवतात, म्हणून तिथे त्याची वाढ होते. माणसाच्या पेशीत तो पुरवठा नाही. म्हणजे दंडात शिरलेल्या कणांची संख्या तेवढीच राहते, त्यात भर पडत नाही. कोविशील्डच्या अर्ध्या मिलिलिटरच्या एका डोसात असे सुमारे 5,000 कोटी कण असतात. आकडा मोठा वाटतो, पण कण इतके सूक्ष्म की कुपीतले द्रव डोळ्यांना जवळजवळ नितळच दिसते.

हे कण दंडाच्या स्नायूतल्या आणि जवळच्या पेशींना चिकटून आत शिरतात. वाहकाचे कवच गळून पडते आणि आतला डीएनए पेशीच्या केंद्रकात पोचतो. त्यात करोना विषाणूच्या काट्याचे, म्हणजे स्पाइक प्रथिनाचे जनुक असते. पेशी त्या जनुकाची आरएनए नक्कल काढते, ती नक्कल केंद्रकाबाहेर येते आणि तिच्यावरून पेशी काटे बनवून आपल्या पृष्ठभागावर उभे करते. पेशीवर परका काटा दिसला की प्रतिकारयंत्रणा जागी होते. बी पेशी प्रतिपिंडे बनवतात, टी पेशी असे काटे दाखवणाऱ्या पेशी शोधून नष्ट करतात, आणि दोन्ही प्रकारच्या काही पेशी ही ओळख लक्षात ठेवून मागे राहतात. लस घेतल्यावर येणारा ताप हा प्रतिकारयंत्रणेच्या या जागे होण्याचा. करोनाचा विषाणू शरीरात आलेलाच नसतो, त्याचा फक्त काटा दिसलेला असतो.

लशीने आपला डीएनए बदलतो का, हा प्रश्न गावोगाव विचारला गेला आणि तो रास्तच आहे, कारण या लशीतला डीएनए केंद्रकापर्यंत खरोखरच जातो. पण तो आपल्या गुणसूत्रांत गुंफला जात नाही, सुटाच राहतो. स्वतःचा डीएनए यजमानाच्या डीएनएत घुसवण्यासाठी काही विषाणूंकडे खास विकर, म्हणजे एन्झाइम, असते. एचआयव्हीकडे ते आहे, ॲडिनोव्हायरसकडे नाही. शिवाय काटे दाखवणाऱ्या पेशी टी पेशींच्या तावडीत सापडून नष्ट होतात आणि त्यांच्याबरोबर तो डीएनएही जातो.

एमआरएनए लशींत वाहक नसतो, काट्याची आरएनए नक्कलच थेट टोचली जाते. त्यांच्या तुलनेत या लशीचा मोठा गुण म्हणजे तिचा टिकाऊपणा. डीएनए आरएनएपेक्षा चिवट, त्यात कवचाचे संरक्षण. त्यामुळे 2 ते 8 अंश सेल्सिअसला, साध्या फ्रिजच्या थंडाव्यात ती महिनोन्‌महिने राहते. फक्त गोठू द्यायची नाही. गोव्यात याचे मोल फार होते. तान्ह्या मुलांच्या लशी ठेवण्यासाठी आरोग्य केंद्रांत बर्फाच्या अस्तराचे फ्रिज आधीपासून होते, तेच कामी आले. 16 मे 2021 च्या सुमारास तौक्ते वादळाने राज्यात झाडे आणि विजेचे खांब आडवे केले आणि कित्येक भागांत वीज गेली. असा फ्रिज वीज नसतानाही बराच वेळ थंडावा धरून ठेवतो. उणे 70 अंशांत ठेवावी लागणारी एमआरएनए लस अशा दिवसांत पेडण्याच्या किंवा सांगेच्या आतल्या गावात पोचवता आली असती, असे मला वाटत नाही.

भारताच्या औषध महानियंत्रकांनी 3 जानेवारी 2021 रोजी कोविशील्ड आणि कोवॅक्सिन यांना आपत्कालीन वापराची परवानगी दिली. 16 जानेवारीला देशाबरोबर गोव्यातही आरोग्य कर्मचाऱ्यांपासून लसीकरण सुरू झाले. पुढे 'टीका उत्सव' या नावाने ते पंचायतींपर्यंत गेले. हिंदीत टीका म्हणजे लस, पण मराठीत या शब्दाचा अर्थ वेगळा असल्याने डिचोली-सत्तरीकडच्या लोकांच्या तोंडी 'लस' आणि 'डोस' हेच शब्द राहिले. पंचायतीच्या सभागृहात एका टेबलावर नाव नोंदवायचे, दुसऱ्यावर लस घ्यायची आणि मग खुर्चीवर अर्धा तास बसायचे. कुपी दहा डोसांची आणि एकदा उघडली की काही तासांत संपवायची. त्यामुळे शेवटच्या कुपीच्या वेळी नर्स दारात येऊन किती माणसे उरलीत ते मोजायची आणि कमी असली तर कोणीतरी वाड्यावर निरोप घेऊन पळायचे. डोस वाया जाऊ नये म्हणून चाललेली ही धडपड मोहिमेचा खरा कणा होती. सप्टेंबर 2021 पर्यंत राज्यातल्या सर्व पात्र प्रौढांना पहिला डोस दिल्याचे जाहीर झाले. 18 सप्टेंबरला पंतप्रधानांनी गोव्यातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांशी दूरदृश्य संवाद साधला.

दोन डोसांमधले अंतर आधी 4 ते 6 आठवडे होते. मार्चमध्ये ते 6 ते 8 आणि 13 मेला 12 ते 16 आठवडे झाले. लोकांना वाटले, लशीचा तुटवडा झाकण्यासाठी हे केले. तुटवडा होता हे खरे, पण अंतर वाढवण्याला शास्त्रीय आधारही होता. ऑक्सफर्डच्या चाचण्यांत 6 आठवड्यांच्या आत दुसरा डोस घेतलेल्यांत परिणामकारकता 55 टक्के, तर 12 आठवड्यांनंतर घेतलेल्यांत 81 टक्के दिसली होती.

नेहमीचे त्रास म्हणजे दंड दुखणे, कणकण, अंगदुखी, डोकेदुखी. ते बहुधा पहिल्या डोसाला जास्त आणि तरुणांना अधिक होतात. एक-दोन दिवस पेज पिऊन, पॅरासिटामॉलची गोळी घेऊन पडून राहिले की उतरतात. तीव्र ॲलर्जी क्वचित येते आणि आली तर बहुधा पहिल्या काही मिनिटांतच. खुर्चीवरचा तो अर्धा तास त्यासाठीच होता. नसांचा दुबळेपणा आणणारा गिलेन-बारे विकारही अत्यंत विरळ दुष्परिणाम म्हणून नोंदला गेला आहे.

खरी गंभीर बाब रक्ताच्या गुठळ्यांची. मार्च 2021 मध्ये युरोपात ॲस्ट्राझेनेकाची हीच लस घेतलेल्या काही तुलनेने तरुण माणसांच्या मेंदूच्या आणि पोटाच्या शिरांत गुठळ्या आढळल्या. त्याच वेळी त्यांच्या रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, घटलेल्या होत्या. गुठळी होते आहे आणि गुठळी करणाऱ्या बिंबिकाच कमी होताहेत, हे चित्र विचित्र होते. बिंबिकांतून बाहेर पडणारे पीएफ-4 हे प्रथिन वाहकाच्या कवचाला चिकटू शकते. अगदी थोड्या माणसांत शरीर त्या प्रथिनाविरुद्धच प्रतिपिंडे बनवते. ही प्रतिपिंडे बिंबिकांना चेतवतात आणि गुठळ्या होतात. म्हणजे दोष काट्याचा नसून बराचसा वाहकाकडे बोट दाखवतो. 2023 मध्ये साध्या ॲडिनोव्हायरसच्या संसर्गानंतरही असाच विकार झाल्याचे आढळले, त्याने हे मत बळकट झाले.

गुठळ्या आणि घटलेल्या बिंबिका एकत्र आढळणाऱ्या या विकाराला टीटीएस (थ्रॉम्बोसिस विथ थ्रॉम्बोसायटोपेनिया सिंड्रोम) म्हणतात. ब्रिटनमध्ये त्याचे प्रमाण पहिल्या डोसानंतर साधारण लाखात एक आणि पन्नाशीच्या आतल्यांत पन्नास हजारांत एक असे आढळले. तिथे सुरुवातीला निदान झालेल्यांपैकी पाचांत एक दगावला. पुढे हेपारिन टाळून दुसरी रक्त पातळ करणारी औषधे आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे, देण्याची पद्धत बसली, तसे मृत्यू कमी झाले. डेन्मार्कने ही लस बंदच केली, ब्रिटनने चाळिशीच्या आतल्यांना दुसरी लस देण्याचा सल्ला दिला. भारतात लसीकरणानंतरचे दुष्परिणाम तपासणाऱ्या राष्ट्रीय समितीने मे 2021 मध्ये कोविशील्डनंतरच्या गुठळ्यांच्या 26 संभाव्य घटना नोंदवल्या, म्हणजे दर 10 लाख डोसांमागे 0.61. हा दर ब्रिटनपेक्षा बराच कमी आहे. आशियाई लोकांत मुळात गुठळ्या कमी होतात हे एक कारण. पण तापाच्या आणि डोकेदुखीच्या त्या गर्दीत प्रत्येकाच्या बिंबिका मोजल्या गेल्या नव्हत्या, म्हणून हा आकडा किमान समजावा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तेव्हाच लशीनंतर 20 दिवसांपर्यंत लक्ष ठेवण्यास सांगितले होते : न थांबणारी डोकेदुखी, धाप, छातीत किंवा पोटात दुखणे, पाय सुजणे, सुईच्या जागेपासून दूर त्वचेवर लाल ठिपके. ही सूचना प्रत्येक सभागृहाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावायला हवी होती. लोक घाबरतील म्हणून धोका हळू आवाजात सांगितला की पुढे अफवा मोठ्या आवाजात बोलते.

या धोक्याशेजारी आजाराचा धोका ठेवून पाहावा लागतो. इंग्लंडमधल्या 2.9 कोटी लसवंतांच्या अभ्यासात शिरांतल्या गुठळ्यांच्या जादा घटना दर 1 कोटी लोकांमागे या लशीनंतर 66, तर कोविड झाल्यानंतर 12,614 दिसल्या. मे 2021 च्या सुरुवातीला गोव्यात तपासलेल्या नमुन्यांपैकी निम्म्याच्या आसपास बाधित निघत होते. त्या दिवसांत इथे लस घेणाऱ्यासमोर निवड होती ती या दोन आकड्यांमधली.

एप्रिल 2024 च्या अखेरीस, ही लस अत्यंत विरळ प्रसंगी टीटीएस घडवू शकते असे ॲस्ट्राझेनेकाने ब्रिटिश न्यायालयात लिहून दिल्याची बातमी आली आणि गोव्यातही फोनवरून ती गरगर फिरली. तोवर ब्रिटनमधल्या लशीच्या माहितीपत्रकात हे 3 वर्षे छापलेले होते. टीटीएस साधारण महिन्याभरात उद्‌भवतो, त्यामुळे 2021 मध्ये डोस घेतलेल्याने आज त्यासाठी डी-डायमरची, म्हणजे रक्तातल्या गुठळीच्या खुणा शोधणारी, तपासणी करण्यात अर्थ नाही. क्रिकेट खेळताना किंवा जत्रेत नाचताना कोसळलेल्या तरुणाचा मृत्यू लशीच्या माथी मारला जातो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 18 ते 45 वयोगटातल्या अशा 729 अचानक मृत्यूंचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दोन डोस घेतलेल्यांना धोका कमी दिसला. वाढलेला दिसला तो कोविडसाठी रुग्णालयात राहिलेल्यांना, ज्यांच्या घरात आधी असे अचानक मृत्यू झाले होते त्यांना, आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू प्यालेल्यांना आणि एकाएकी जोराची मेहनत केलेल्यांना.

सीरमने डिसेंबर 2021 मध्ये कोविशील्डचे उत्पादन थांबवले. भारतातली पहिली नाकावाटे देण्याची कोविड लस इनकोव्हॅक हीसुद्धा चिंपांझींच्याच ॲडिनोव्हायरसवर उभी आहे. ज्याला लशीनंतर टीटीएस होऊन गेला, त्याला अशा वाहकाची लस पुन्हा द्यायची नसते. त्याने कोणती लस कधी घेतली हे सांगणारे प्रमाणपत्र घरात जपून ठेवावे आणि पुढच्या प्रत्येक लशीआधी डॉक्टरांना दाखवावे.