ख्रिस्ती सेवाधर्म आणि मराठवाडा

गरजूंची काळजी घेणे हे ख्रिस्ती नीतिशास्त्रात कर्तव्य मानले जाते. ते टाळले तर जाब द्यावा लागतो. बायबलमधल्या मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायात शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा, म्हणजे ख्रिस्त, कोणाच्याही उपासनेची चौकशी करत नाही. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र दिले का, आजाऱ्याला आणि तुरुंगातल्याला भेटलात का, एवढेच तो पाहतो. लूककृत शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायात जखमी वाटसरूला याजक (पुरोहित) आणि लेवी (मंदिराचा सेवक) ओलांडून जातात. ज्याच्याशी यहुदी संबंध ठेवत नसत तो शोमरोनी मात्र थांबतो आणि जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो. गावकुसाबाहेर पिढ्या काढलेल्या माणसांना ही गोष्ट कोणी उलगडून सांगावी लागली नाही.

या विचाराची मुळे जुन्या करारात आहेत. शेताच्या कडेचे पीक कापू नका, सरवा (कापणीत गळून राहिलेले धान्य) वेचू नका, ते गरिबांसाठी आणि परदेशीयांसाठी राहू द्या, असे लेवीय या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात शेतमालकांना सांगितले आहे. परदेशी विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते ती याच नियमाच्या आधाराने. मराठवाड्यात ज्वारीची काढणी किंवा भुईमुगाची उपटणी उरकली की भूमिहीन बाया पाटी घेऊन रानात जातात, ढेकळे उकरून राहिलेल्या शेंगा गोळा करतात. मालक हाकलतो की राहू देतो, हे त्याच्या मर्जीवर असते. लेवीयच्या नियमात मर्जीचा प्रश्नच नाही. उरलेले गरिबाच्या हक्काचे आहे. चौथ्या शतकात कप्पदुकियातील (आजच्या तुर्कस्तानातील) कैसरियाचे धर्मगुरू, पुढे तेथील बिशप झालेले बेसिल यांनी दुष्काळात हेच सांगितले: तुम्ही साठवलेली भाकर भुकेल्याची आहे. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी जीव वाचवण्यापुरते परक्याचे घेणे ही चोरी नव्हे असा निर्णय दिला. प्रॉटेस्टंट परंपरेत तारण (पापांतून सुटका) देवाच्या कृपेने मिळते, कृत्यांनी नाही. पण कृत्यांवाचून विश्वास निर्जीव आहे हे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातले वचन तीही मानते.

मराठवाड्यात या कर्तव्याला वेगळे वळण मिळाले, कारण येथील ख्रिस्ती समाज लहान आणि बहुतांशी महार-मांग समाजांतून आलेला. देणारा आणि गरजू एकाच वस्तीत राहतात. निजामाच्या राजवटीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली. ते ब्राह्मण कुटुंबातून ख्रिस्ती झाले होते. नवख्रिस्ती कुटुंबांना हक्काची जागा मिळावी हा तिचा हेतू होता. कापणीच्या सणाला अनेक मंडळ्यांत (स्थानिक चर्चांत) धान्य, कोंबड्या वेदीपुढे आणतात आणि मग त्यांचा लिलाव होतो. ते धान्य पुष्कळदा मजुरीत मिळालेले असते. याला दानधर्म म्हणण्यापेक्षा एकमेकांना धरून राहणे म्हणावे.

बीड आणि धाराशिवच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने 1970 मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, बहुधा निरक्षर बायांना प्रशिक्षण देऊन त्यांनी आरोग्यसेविका केले. त्यांत दलित बायाही होत्या. पाणीटंचाईत कूपनलिका दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे पाण्यासाठी साऱ्या गावाला तिथे यावे लागे. औषध देण्याइतकेच जात मोडणेही सेवेत मोडते, ही या कामामागची समज मला सगळ्यांत मोलाची वाटते. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मदतीच्या आडून धर्मांतर होते, हा आक्षेप दुष्काळांच्या काळापासून आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. भुकेल्यापुढे भाकरीसोबत अट ठेवली तर त्याची निवड मोकळी राहत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर चर्चच्या मदतसंस्थाही धावून आल्या. पुढल्याच वर्षी, 1994 मध्ये, रेडक्रॉसच्या पुढाकाराने मदतकार्याची आचारसंहिता ठरली. मदत गरज पाहून द्यावी, धर्मप्रसारासाठी वापरू नये, असे ती सांगते. कॅरितास इंटरनॅशनालिस हा कॅथलिक मदतसंस्थांचा महासंघ आणि चर्चेसची जागतिक परिषद तिच्या प्रायोजकांत होत्या. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या 2005 च्या पहिल्या परिपत्रकातही हीच भूमिका आहे.

आजची कसोटी ऊसतोडीची आहे. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन बीड जिल्ह्यातली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास फडावर जातात. मागे म्हातारी माणसे राहतात, लेकरांची शाळा बुडते. त्यांना धान्य पोचवणे मंडळीला जमते. उचलीच्या व्यवहाराविरुद्ध त्यांच्या बाजूने उभे राहणे हेही त्याच कर्तव्यात येते, आणि ते अजून फार थोड्या ठिकाणी होते.