पाणी गार, प्रोसेसर गरम

"पंप जरा हळू चालव, म्हणजे पाण्याला उष्णता घ्यायला वेळ मिळेल." संगणकात स्वतः नळ्या, रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी) आणि पंप जोडून पाणी खेळवणाऱ्या हौशी मंडळींत हा सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो की शाळेतलं गणित मांडून बघायचं कुणाच्या मनातच येत नाही. गणित दोन ओळींचं आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४,१८६ ज्यूल लागतात. प्रोसेसर २५० वॅट खात असेल, तर दर सेकंदाला २५० ज्यूल पाण्यात ओततो. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल, तर प्रोसेसरवरच्या ब्लॉकमध्ये (प्रोसेसरला चिकटून बसणारी, आतून पाणी वाहणारी डबी) शिरणारं आणि त्यातून निघणारं पाणी यांत फरक पडतो फक्त ०.९ अंशाचा. प्रवाह एक लिटरवर आणा, फरक ३.६ अंश होईल. पाणी जास्त तापलं खरं, पण वाहून नेलेले वॅट तेवढेच! किती वॅट न्यायचे हे प्रोसेसर ठरवतो, पाणी नाही.

या ०.९ अंशातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती फार कामाची आहे. लूपमधलं, म्हणजे पंप-ब्लॉक-रेडिएटर या फेऱ्यातलं पाणी सगळीकडे जवळजवळ एकाच तापमानाचं असतं. म्हणजे पाणी आधी रेडिएटरमधून न्यायचं की आधी ग्राफिक्स कार्डावरून, हा वाद फुकटचा. पाण्यात एक साधा तापमान सेन्सर बसवला की उष्णतेच्या सगळ्या वाटेचे दोन तुकडे पडतात: सिलिकॉनपासून (म्हणजे प्रोसेसरच्या चिपपासून) पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून खोलीतल्या हवेपर्यंत. खालापूरच्या टोलनाक्यावर रांग लागलेली असताना लोणावळ्याच्या पुढे रस्ता रुंद करून काय उपयोग? तरी लोक तेच करतात. प्रोसेसर ९५ अंशांवर गेला की कोंडी कुठल्या तुकड्यात आहे ते न बघताच दुसरा रेडिएटर विकत आणतात.

सेन्सर नसेल तर घड्याळ वापरा. चिपवर पूर्ण भार टाका आणि आकडा किती चढला यापेक्षा किती वेळात चढला ते बघा. चिप एवढीशी, तिच्यात उष्णता साठायला जागा नाही. तिचं तापमान सेकंदाभरात उडी मारतं. पाण्याचं तसं नाही. लूपमध्ये लिटरभर पाणी असेल आणि रेडिएटर काहीच करत नसेल, तरी २५० वॅटवर ते मिनिटाला साडेतीन अंशांच्या आसपासच चढेल. एरवी ते स्थिरावायला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. तेव्हा भार पडताक्षणी आकडा ३५ वरून ९५ वर गेला, तर दोष पाण्याच्या अलीकडे आहे. पेस्ट (प्रोसेसर आणि ब्लॉक यांच्यातली फट भरणारा लेप), ब्लॉकची बसवणूक किंवा ब्लॉकचं पोट. हळूहळू चढत अर्ध्या तासाने ९५ झाला, तर रेडिएटर, पंखे, धूळ, खोली. आणि पहिली उडी माफक, पण पुढे मिनिट-दोन मिनिटं आकडा चढतच राहिला आणि रेडिएटर हाताला गारच लागला, तर पंप बंद आहे किंवा ब्लॉकमध्ये हवा अडकली आहे. पंपावर बोट ठेवून थरथर जाणवते का बघा. हवा असेल तर कॅबिनेट पुढे-मागे कलंडवत पंप चालवा. बुडबुडे टाकीत येऊन फुटतात.

आता ब्लॉकच्या पोटात शिरू, कारण खरी गंमत तिथे आहे. वरचं झाकण काढलं की खाली तांब्याची पट्टी दिसते आणि तिच्यावर केसांच्या फणीपेक्षाही बारीक, मिलिमीटरच्या काही दशांश रुंदीच्या खाचा. एवढ्या बारीक कशाला? तर तांब्याला चिकटलेलं पाणी जवळजवळ स्थिर असतं, आणि स्थिर पाणी उष्णतेचं अगदी सुमार वाहक आहे. तांब्याची उष्णतावाहकता ४०० च्या घरात (वॅट प्रति मीटर प्रति अंश), पाण्याची ०.६. म्हणजे उष्णता भिंतीपासून प्रवाहाच्या मध्यापर्यंत पोचायला जेवढं अंतर, तेवढा अडथळा. खाच अरुंद केली की हे अंतरच कमी होतं.

विल्हेल्म नुसेल्ट या जर्मन अभियंत्याच्या नावाचा एक अंक आहे: वाहतं पाणी स्थिर पाण्याच्या किती पट उष्णता उचलतं, ते तो सांगतो. अरुंद खाचेत प्रवाह संथ, थरांथरांचा असतो आणि अशा प्रवाहात हा नुसेल्ट अंक जवळजवळ स्थिर राहतो, वेग कितीही असो. उष्णता देण्याची क्षमता म्हणजे नुसेल्ट अंक गुणिले पाण्याची वाहकता भागिले खाचेचा व्यास. अंक ४ आणि व्यास अर्धा मिलिमीटर धरला, तर उत्तर येतं ४,८०० (वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश). व्यास ५ मिलिमीटर धरला तर ४८०. रुंदी निम्मी केली की क्षमता दुप्पट. शिवाय तेवढ्याच जागेत दुप्पट खाचा बसतात, म्हणून भिंतींचं क्षेत्रफळही दुप्पट. किंमत मोजावी लागते ती दाबात: तेवढंच पाणी ढकलायला चौपट जोर लागतो. १९८१ मध्ये स्टॅनफर्डच्या टकरमन आणि पीझ यांनी सिलिकॉनमध्येच सुमारे ५० मायक्रॉन रुंदीच्या खाचा कोरल्या आणि चौरस सेंटिमीटरला ७९० वॅट काढून दाखवले. आपला २५० वॅटचा प्रोसेसर चौरस सेंटिमीटरला शंभरच्या आसपास असतो.

पंप एका मर्यादेपलीकडे पळवून फारसा फायदा का होत नाही, याचं उत्तरही याच सूत्रात आहे. आणि सहा महिन्यांपूर्वी ठीक चालणारी मशीन आज उड्या का मारते, याचंही. मऊ नळ्यांतून झिरपणारं प्लास्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं रसायन), रंगीत कूलंटमधला (थंडाव्याच्या द्रवातला) गाळ, शेवाळ हे सगळं त्या खाचांत अडकतं. ब्लॉक उघडला की मधोमध पांढुरका, बुळबुळीत पट्टा दिसतो. जुन्या टूथब्रशने निघतो. बाटलीवर 'नॅनो' छापून दामदुप्पट भावाने विकल्या जाणाऱ्या द्रवांबद्दल एवढंच सांगतो, की ग्लायकॉल मिसळलं की द्रवाची उष्णता धरण्याची ताकद साध्या पाण्यापेक्षा कमीच होते. डिस्टिल्ड वॉटर आणि गंज-शेवाळरोधक द्रव्य पुरतं. मोबाइलला 'किरणोत्सर्ग रोखणारी' चिप चिकटवणारे आणि हे द्रव घेणारे एकाच दुकानाचं गिऱ्हाईक.

ब्लॉक स्वच्छ असेल तर खालची पेस्ट बघा. तिची वाहकता मघाच्याच एककात ८ धरू, क्षेत्रफळ चार चौरस सेंटिमीटर. थर ०.०५ मिलिमीटर असेल तर २५० वॅटला चार अंश जातात, ०.२ मिलिमीटर झाला तर सोळा. आणि पेस्टऐवजी हवा राहिली तर ती तीनशे पट वाईट. स्क्रू एका बाजूने आधी आवळले की नेमकं हेच होतं. ब्लॉकच्या तळाची संरक्षक फिल्म न काढताच बसवणारेही भेटतात. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटची (प्रोसेसर बसवण्याच्या खोबणीची) पकड प्रोसेसरचं धातूचं झाकण मधोमध किंचित वाकवते, त्यावर उपाय म्हणून वेगळी चौकट मिळते. ब्लॉकच्या आत-बाहेरच्या नळ्यांची अदलाबदल झाली असेल तरी काही अंश वाढतात, कारण बहुतेक ब्लॉक मधून पाणी सोडून कडांकडे नेतात.

रेडिएटरची गोष्ट छोटी आहे. पाणी आणि हवा यांत दहा-बारा अंशांचा फरक असेल तर तो आपलं काम करतो आहे. नागपुरात मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असेल, तर पाणी ५० अंशांवर जाणारच. कुठलाही रेडिएटर पाणी हवेपेक्षा गार करू शकत नाही. मात्र बऱ्याच पंपांना ६० अंशांपुढचं पाणी मानवत नाही, तेवढं सांभाळा.

एवढं करूनही ९५ दिसत असेल तर वॅटचा आकडा बघा. एएमडीचे २०२२ चे रायझन ७००० प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जायलाच बनवले आहेत: थंडावा वाढवला की तापमान तेच राहतं, वेग वाढतो. इंटेलच्या आय९-१३९००केची अधिकृत कमाल २५३ वॅट, पण कित्येक मदरबोर्ड ती मर्यादा मुळातच उठवून ठेवत. तुमच्याकडे ती उठलेली असेल तर बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन ती परत घाला, हवं तर आणखी उतरवा. गेम खेळताना फरक जाणवणारही नाही, आणि दुसऱ्या रेडिएटरचे पैसे वाचतील.