एकच विष, पण गुलाबी अळी का मरेना?

निफाड-दिंडोरीकडचा शेतकरी जिला टोमॅटोची फळ पोखरणारी अळी म्हणतो, तीच हरभऱ्यावर घाटेअळी आणि कपाशीवर हिरवी बोंडअळी. २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली ती मुख्यतः हिच्या धास्तीने. आज मालेगाव-येवल्याकडच्या कपाशीत हिची फारशी भीती उरलेली नाही. झोप उडवते ती गुलाबी बोंडअळी.

बीटी कपाशीत जमिनीतल्या एका जिवाणूचं जनुक असतं. त्यामुळे झाडात तयार होणारं प्रथिन अळीच्या आतड्यातल्या ठरावीक रेणूंना चिकटतं, पेशी फुटतात, अळी मरते. क्वचित एखाद्या अळीत या रेणूची ठेवणच बदललेली असते, मग प्रथिन चिकटत नाही. हा गुण बहुधा आई-बाप दोघांकडून आला तरच कामी येतो. म्हणून वाचलेल्या अळीचा पतंग झाला आणि त्याची जोडी हा गुण नसलेल्या साध्या पतंगाशी जमली, की पिल्लं पुन्हा बीटीवर मरतात.

हिरवीला असे साधे जोडीदार आयते मिळतात, कारण ती टोमॅटो, तूर, हरभरा काहीही खाते. गुलाबी जवळजवळ फक्त कपाशीवर जगते, आणि कपाशी तर बहुतेक सगळीच बीटी! म्हणून कडेने बिगर-बीटी ओळी लावायच्या होत्या. त्यासाठी बियाण्यासोबत १२० ग्रॅमचं वेगळं पाकीट यायचं. ही ‘रेफ्युजी’ बहुतेकांनी लावलीच नाही. अळीला पोसायला रान सोडा, हे सांगणं सोपं. बियाण्याची उधारी डोक्यावर असताना कोण सोडणार?

२००९ च्या हंगामात गुजरातेत पहिलं प्रथिन गुलाबीपुढे हरलं. दोन प्रथिनांचे वाण २००६ पासून होते, तेही पुढे निष्प्रभ ठरले आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रातली बोंडं किडली. त्यात आपले वाण संकरित. त्यांच्या बोंडातल्या काही सरक्यांत विष उतरतच नाही, त्यामुळे प्रतिकाराचा गुण एकाच बाजूने आलेली अळीही तिथे तगते. अमेरिकेत रेफ्युजी पाळली गेली, नंतर वांझ पतंगही सोडले, आणि २०१८ मध्ये तिथल्या कपाशीतून गुलाबी संपल्याचं जाहीर झालं.

आपल्याकडे आता वेळेत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटण्यावर भर आहे. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन राखलेली कपाशी, राहिली तर अळीला महिनोन्‌महिने खाणं मिळतं. उन्हाळ कांदा लावायचा असेल तर डिसेंबरात रान मोकळं करावंच लागतं, तिथे अळीची साखळी तुटते. कांद्याला भाव नसला आणि विहिरीला पाणी असलं, की मात्र फरदडीचा मोह होतो.