मिनिमम बॅलन्सचे पैसे कापले जातायत? खातं झिरो बॅलन्समध्ये बदलायचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. परदेशातल्या काही बँकांमध्ये खात्यात पैसे नसले तरी बँक पेमेंट जाऊ देते आणि वर ओव्हरड्राफ्टचा चार्ज लावते, तसं आपल्याकडच्या साध्या सेव्हिंग खात्यात होत नाही. आपल्याकडे पैसे कमी पडले की हप्ता किंवा चेक सरळ परत जातो आणि परत गेल्याचा चार्ज लागतो, आणि शिल्लक ठरलेल्या रकमेखाली गेली की मिनिमम बॅलन्सचा चार्ज वेगळा. दोन्हीवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी त्याच्याच खिशातून अजून पैसे जातात, आणि यातला मिनिमम बॅलन्सचा चार्ज थांबवायचा अधिकृत मार्ग आहे, खातं झिरो बॅलन्समध्ये बदलून घेणं, त्यासाठी एक पानाचा अर्ज लागतो, पण तो बहुतेकांना कोणी सांगितलेलाच नसतो. म्हणून हे लिहितोय.

माझंच सांगतो. नोकरी बदलली तेव्हा जुन्या कंपनीचं सॅलरी अकाउंट तसंच ठेवलं, त्यात ४,२०० रुपये होते आणि त्यावर दर महिन्याला हजाराची एक एसआयपी (म्युच्युअल फंडाचा हप्ता) होती, ती मी मधे काही महिने बंद ठेवली होती. सॅलरी अकाउंटमध्ये साधारण तीन महिने पगार आला नाही की बँक ते खातं साध्या सेव्हिंगमध्ये बदलते आणि मग मिनिमम बॅलन्सचा नियम लागू होतो, हे मला माहीतच नव्हतं. १० हजारांची सरासरी हवी होती, जेवढी कमी पडेल त्याच्या ६ टक्के चार्ज. पहिल्या महिन्यात जीएसटी धरून ४११ रुपये गेले. आता शिल्लक अजून कमी झाली म्हणून दुसऱ्या महिन्यात ४४०, तिसऱ्यात ४७१, असं वाढत वाढत सात महिन्यांत साडेतीन हजारांच्या वर गेले आणि खात्यात ६३८ रुपये उरले. आठव्या महिन्यात एसआयपी परत सुरू झाली, ती बाउन्स झाली, तेव्हा कुठे मी स्टेटमेंट उघडून बघितलं. मेसेज सगळे जुन्या मोबाईल नंबरवर जात होते. नंबर बदलल्यावर बँकेत अपडेट करायचं काम माझं होतं आणि ते मी केलं नव्हतं.

आता हे "सरासरी" प्रकरण नीट समजून घ्या, कारण निम्मे लोक इथेच फसतात. बहुतेक बँका रोजची दिवसअखेरची शिल्लक घेतात, महिनाभराची बेरीज करतात आणि दिवसांनी भागतात (काही बँका तीन महिन्यांची सरासरी घेतात). ३० दिवसांचा महिना आणि १० हजारांची अट असेल तर बेरीज ३ लाख व्हायला हवी. म्हणजे रोज १० हजार ठेवायलाच हवेत असं नाही, ६० हजार पाच दिवस पडून राहिले आणि बाकी महिना खातं रिकामं राहिलं तरी अट पूर्ण होते. पण उलटंही खरं आहे, महिन्याच्या २८ तारखेला १० हजार टाकून उपयोग नाही, तीन दिवसांचे फक्त ३० हजारच धरले जातात.

रिझर्व्ह बँकेचे नियम काय म्हणतात तेही माहीत असू द्या, शाखेत बोलताना कामाला येतात. २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकानुसार (लागू १ एप्रिल २०१५ पासून) शिल्लक कमी झाली की बँकेने आधी मेसेज, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, शिल्लक भरायला निदान एक महिना द्यायचा, मगच दंड. दंड जेवढी रक्कम कमी पडली त्या प्रमाणात हवा, सरसकट सगळ्यांना एकच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फक्त या चार्जमुळे सेव्हिंग खातं मायनसमध्ये जाता कामा नये. कोणाच्या पासबुकात तसं झालं असेल तर ती तक्रार करण्यासारखीच गोष्ट आहे. तसंच दोन वर्षं तुम्ही स्वतः काहीच व्यवहार केला नसेल आणि खातं इनऑपरेटिव्ह झालं असेल तर त्यावर मिनिमम बॅलन्सचा दंड लावता येत नाही आणि ते परत चालू करायलाही पैसे घेता येत नाहीत, हे १ एप्रिल २०२४ पासून.

काही बँकांनी हा दंड स्वतःहूनच काढून टाकलाय. स्टेट बँकेने २०२० मध्ये सगळ्या सेव्हिंग खात्यांचा काढला, कॅनरा बँकेने १ जून २०२५ पासून, पंजाब नॅशनल बँकेने १ जुलै २०२५ पासून. तुमची बँक यात नसेल, किंवा उद्या नियम बदलला तर, अशी धाकधूकच नको असेल तर बेसिक सेव्हिंग खातं करून घ्या. शाखेत याला बीएसबीडीए (बेसिक सेव्हिंग्ज बँक डिपॉझिट अकाउंट) म्हणतात. "झिरो बॅलन्स" एवढंच म्हणालात तर कधीकधी दुसरंच कुठलं तरी प्रॉडक्ट पुढे करतात, म्हणून हेच नाव घ्या.

कोणाला मिळतं

कोणालाही. ऑगस्ट २०१२ पासून ही सोय आहे आणि वयाची किंवा उत्पन्नाची अट बँकेला घालता येत नाही. "हे फक्त बीपीएल वाल्यांना असतं" असं काउंटरवर सांगितलं जातं, तसं काही नाहीये. अटी आहेत त्या अशा, की त्याच बँकेत तुमचं दुसरं सेव्हिंग खातं चालत नाही, असेल तर ३० दिवसांत बंद करावं लागतं (एफडी, आरडी चालते), आणि दुसऱ्या बँकेत असं बेसिक खातं नाही असं लिहून द्यावं लागतं.

मिळतं काय तर शिल्लक शून्य झाली तरी दंड नाही, पैसे कितीही वेळा भरा, एटीएम कार्ड फुकट, आणि महिन्यातून निदान चार वेळा पैसे काढता येतात, त्यात एटीएमचेही धरले जातात. म्हणून ज्यांचा दिवसाला पाच वेळा व्यवहार असतो त्यांनी हे खातं मुख्य खातं करायच्या आधी चारच्या पुढे आपली बँक काय करते आणि युपीआय कसं मोजते हे शाखेत विचारून घ्यावं. घरातल्या आईबाबांचं पेन्शनचं किंवा योजनेचं खातं असेल तर मात्र डोळे झाकून हेच करावं असं माझं मत आहे.

कागदपत्रं

खातं आधीच आहे आणि केवायसी अपडेट आहे तर फार काही लागत नाही. अर्ज, पासबुक, आधार आणि पॅनची झेरॉक्स, आणि ओरिजिनल दाखवायला सोबत. नवीन खातं असेल तर आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, रोजगार हमीचं जॉब कार्ड यातलं एक चालतं, सोबत फोटो आणि पॅन, पॅन नसेल तर त्याऐवजीचा फॉर्म बँकेतच भरून देता येतो. यातलं काहीच नसलेल्या माणसालाही स्वतःचा फोटो आणि बँकेच्या अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा यावर "छोटं खातं" मिळतं, फक्त त्यात ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक, वर्षाला १ लाखापेक्षा जास्त जमा आणि महिन्याला १० हजारांपेक्षा जास्त काढणं चालत नाही, आणि ते सुरुवातीला १२ महिन्यांसाठीच असतं.

अर्ज कसा द्यायचा

होम ब्रँचमध्ये जा. सकाळी दहाच्या गर्दीत आणि पगार-पेन्शनच्या पहिल्या आठवड्यात नको, दुपारी जेवणानंतर कोणीतरी ऐकून घेतं. अर्ज साध्या कागदावर चालतो, मराठीत लिहा:

"प्रति, शाखाधिकारी. विषय: सेव्हिंग खाते बेसिक सेव्हिंग खात्यात (बीएसबीडीए) बदलण्याबाबत. महोदय, आपल्या शाखेत माझे खाते क्रमांक अमुक आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सदर खाते बेसिक सेव्हिंग खात्यात बदलावे ही विनंती. आपल्या बँकेत माझे दुसरे सेव्हिंग खाते नाही व अन्य कोणत्याही बँकेत बेसिक सेव्हिंग खाते नाही. खाते बदलल्याची तारीख मला लेखी कळवावी." खाली सही, तारीख, मोबाईल नंबर.

दोन प्रती न्या. एकीवर शिक्का आणि तारीख टाकून पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका, कारण पुढे चार्ज लागला तर भांडायला तेवढा एकच कागद असतो. अर्ज देण्याआधी जुना काही चार्ज थकलेला दिसतोय का, त्यासाठी खात्यावर होल्ड आहे का (म्हणजे पैसे अडवून ठेवलेत का) ते विचारा आणि चुकीचा असेल तर रिफंडचा मुद्दा त्याच अर्जात घाला. मी माझ्या अर्जात मला एक महिना आधी कळवलं नाही असं लिहिणार होतो, पण बँकेतला नंबर मीच अपडेट केला नव्हता म्हणून ते लिहिलं नाही, फक्त सवलत म्हणून विनंती केली आणि दोन महिन्यांचा चार्ज परत मिळाला. विचारल्याशिवाय तेवढाही मिळाला नसता.

खातं लागतच नसेल तर सरळ बंद करा, त्याचा फॉर्म वेगळा असतो, सोबत उरलेले चेक आणि कार्ड जमा करायचं. पण त्याआधी त्या खात्यावर काय काय लागलंय ते बघा, लोनचा हप्ता, एसआयपी, इन्शुरन्स, गॅसची सबसिडी. ते सगळं नवीन खात्यावर गेलं, एक महिना नीट चाललं की मगच बंद करा.

हप्ता बाउन्स होऊ नये म्हणून

इथे मात्र झिरो बॅलन्स खातं वाचवत नाही, हे नक्की लक्षात ठेवा. मिनिमम बॅलन्सचा दंड नसला तरी हप्त्याला पैसे नसले की बाउन्सचा चार्ज लागतोच, तुमची बँक वेगळा घेते आणि लोनवाली कंपनी वेगळा, शिवाय सिबिलवर (कर्ज फेडण्याच्या रेकॉर्डवर) परिणाम. १ ऑगस्ट २०२१ पासून ऑटो डेबिट रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही होतं, त्यामुळे "आज बँक बंद आहे, उद्या भरू" चालत नाही. हप्ता बऱ्याचदा पहाटेच उचलला जातो म्हणून पैसे आदल्या संध्याकाळी खात्यात हवेत. मी आता सगळ्या हप्त्यांच्या तारखा पगारानंतरच्या पाच दिवसांत करून घेतल्यात, लोन कंपनीला आणि एसआयपीला तारीख बदलायची विनंती करता येते. सरकारी जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा घेतला असेल तर मे महिन्याच्या शेवटी ४३६ आणि २० रुपये जास्त ठेवा, त्यांचा वर्षाचा हप्ता त्या सुमारास कापला जातो आणि २० रुपये नव्हते म्हणून २ लाखांचं अपघाती कव्हर गेलं असं व्हायला नको.

जनधन खातं असेल तर त्यावर खरोखरची ओव्हरड्राफ्टची सोय आहे, १० हजारांपर्यंत, त्यातले २ हजारांपर्यंत फारशा अटी न लावता. खातं निदान सहा महिने नीट चाललेलं हवं, वय १८ ते ६५, आणि घरातल्या एकालाच, शक्यतो घरातल्या बाईला. अर्ज शाखेतच. पण हे कर्ज आहे, व्याज लागतं, अनुदान समजून उचलू नका.

लाडकी बहीणचे पहिले पैसे ऑगस्ट २०२४ मध्ये जमा झाले तेव्हा कितीतरी बायकांच्या खात्यातून जुने थकलेले चार्ज आधी वळते झाले होते, शेवटी राज्य सरकारला बँकांना सांगावं लागलं की हे पैसे कापू नका. म्हणून घरात कोणाचं योजनेचं पडून असलेलं खातं असेल तर पैसे येण्याआधीच त्याचा हा अर्ज देऊन टाका.

बँकेने ऐकलं नाही तर

आधी बँकेकडेच लेखी तक्रार, ईमेल किंवा ॲपमधून, आणि तक्रार नंबर जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या साईटवर ऑनलाईन, माहितीसाठी १४४४८ वर फोन, नाहीतर पोस्टाने रिझर्व्ह बँकेच्या चंदीगड सेक्टर १७ मधल्या तक्रार केंद्राला. सोबत शिक्क्याची पोच, चार्ज कापल्याच्या तारखांचं स्टेटमेंट आणि बँकेचं उत्तर आलं असेल तर ते जोडा. बँकेला आधी लेखी न देता थेट तिकडे गेलात तर तक्रार घेतली जात नाही, त्यामुळे तो पहिला ईमेल आजच करून ठेवा म्हणजे ३० दिवस आजपासून मोजले जातील.