लाइमसर्व्हे

लाइमसर्व्हे : ऑनलाइन प्रश्नावली तयार करणे, ती लोकांपर्यंत पोचवणे आणि आलेली उत्तरे साठवणे यांसाठीचे मुक्तस्रोत वेब अ‍ॅप. ते पीएचपी भाषेत लिहिलेले असून उत्तरे साठवण्यासाठी मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर यांपैकी एक डेटाबेस वापरते. ऑस्ट्रेलियातील जेसन क्लीलँड यांनी २००३ मध्ये ‘पीएचपीसर्व्हेयर’ या नावाने त्याची सुरुवात केली. २००६ मध्ये प्रकल्पाची सूत्रे जर्मनीतील कार्स्टेन श्मिट्झ यांच्याकडे गेली. नावातल्या ‘पीएचपी’मुळे परवान्याच्या अडचणी येऊ नयेत म्हणून पुढच्याच वर्षी नाव बदलले. जीपीएल या मुक्त वापराच्या परवान्यामुळे कोणतीही संस्था ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवू शकते. उत्तरे परक्या कंपनीकडे जाऊ नयेत असे वाटणारी विद्यापीठे त्याकडे वळतात ती मुख्यतः यासाठीच.

प्रश्नावली मांडण्याचा पडदा कोणताही प्रोग्रामर थोड्या दिवसांत उभा करतो. अवघड असते ती उत्तरांची साठवण. येथे दोन मार्ग संभवतात. प्रत्येक उत्तराची वेगळी ओळ ठेवावी, म्हणजे एकाच टेबलमध्ये सगळी सर्वेक्षणे मावतात, पण विश्लेषणाच्या वेळी त्या ओळी पुन्हा जुळवत बसावे लागते. किंवा प्रत्येक सर्वेक्षणाला स्वतंत्र टेबल द्यावे, ज्यात प्रश्नागणिक कॉलम आणि माणसागणिक ओळ असेल. लाइमसर्व्हेने दुसरा मार्ग घेतला आणि त्या अ‍ॅपचे बहुतेक गुणदोष त्या एका निर्णयातून आले आहेत.

सर्वेक्षण ‘सक्रिय’ करताच, म्हणजे उत्तरांसाठी खुले करताच, हे टेबल तयार होते. त्यानंतर प्रश्नाची शब्दरचना सुधारता येते, पण नवा प्रश्न घालता येत नाही की जुना काढता येत नाही. नवख्यांना हा जाच वाटतो. मात्र निम्म्या लोकांनी एक प्रश्नावली भरायची आणि उरलेल्यांनी दुसरी, हा घोळ त्यामुळे टळतो. सर्वेक्षण निष्क्रिय केले तर उत्तरांचे टेबल तारीख-वेळेच्या नावाने बाजूला ठेवले जाते.

कॉलम मात्र झपाट्याने वाढतात. ‘लागू असतील ते सर्व निवडा’ अशा प्रश्नात प्रत्येक पर्याय हा एक कॉलम असतो. दहा ओळी आणि दहा रकाने असलेला, आकडे भरायचा तक्ता एकट्याने शंभर कॉलम खातो. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवणीच्या पद्धतीत एका टेबलला १,०१७ कॉलमांची मर्यादा आहे, शिवाय ओळीची लांबी ६५,५३५ बाइटांपुढे जाऊ शकत नाही. लांबलचक प्रश्नावली नेमकी सक्रिय करताना अडकते ती इथे. उपाय म्हणजे तिचे दोन भाग करणे किंवा प्रश्न कमी करणे. उत्तरदात्यांच्या दृष्टीने दुसराच उपाय बरा.

पर्याय निवडायच्या प्रश्नात डेटाबेसमध्ये पर्यायाचे शब्द जात नाहीत, पाच अक्षरांपर्यंतचा त्याचा कोड जातो. म्हणून एकच सर्वेक्षण मराठी, हिंदी आणि इंग्रजीत चालवले तरी ‘सहमत’ म्हणणारे सगळे एकाच कॉलममध्ये एकाच कोडने नोंदले जातात. आर किंवा एसपीएसएस या आकडेवारी-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरसाठी निर्यात करताना कोडांसोबत त्यांचे शब्दही मिळतात. प्रश्नांचे कोड मात्र मराठी प्रश्नावलीतही रोमन अक्षरांतच द्यावे लागतात.

‘शेतजमीन आहे का?’ याला ‘नाही’ म्हणणाऱ्याला पिकांचे प्रश्न दिसू नयेत, यासाठी प्रत्येक प्रश्नाला अट जोडता येते. ही अट ब्राउझरमध्येही तपासली जाते आणि सर्व्हरवरही. दोन्हीकडे तपासणी हवीच, कारण केवळ ब्राउझरवर विसंबले तर कोणीही ती चुकवू शकतो. उत्तरदात्याने आधी ‘होय’ म्हणून पीक लिहिले आणि मग मागे येऊन ‘नाही’ केले, तर लपलेल्या प्रश्नाचे उत्तर पुसण्याची सोय आहे. स्वतः असे अ‍ॅप लिहायला बसणाऱ्यांच्या हातून हीच बाब हमखास सुटते आणि जमीन नसलेल्यांच्या नावावर ऊस दिसू लागतो.

ठरावीक लोकांनाच प्रश्नावली भरू द्यायची असेल तर प्रत्येकाला एक टोकन, म्हणजे प्रवेशाचा स्वतंत्र कोड मिळतो; त्याची लांबी, बदलली नाही तर, १५ अक्षरांची असते. टोकनांचे टेबल उत्तरांच्या टेबलापासून वेगळे असते. सर्वेक्षण निनावी ठेवले तर या दोहोंना जोडणारा धागा साठवलाच जात नाही. टोकनापुढे भरल्याची तारीख न लिहिता केवळ ‘झाले’ अशी खूण पडते, नाहीतर वेळा जुळवून माणूस ओळखता आला असता. वेळेची नोंद बंद असेल तर उत्तरांपुढे १ जानेवारी १९८० ही तारीख दिसते. ती बिघाड नव्हे: तारखेचा रकाना रिकामा असणे म्हणजे प्रश्नावली अर्धवट, असा संकेत असल्याने पूर्ण झालेल्या उत्तरात काहीतरी भरावेच लागते. निनावीपणाची ही निवड सक्रिय करण्यापूर्वीच करायची असते. नंतर कोणी ‘अमक्याने काय लिहिले’ असे विचारले, तर प्रशासकालाही डेटाबेसमधून ते काढून देता येत नाही.